सॉलिड एक्सल की इंडिपेंडंट? आधी वाट मोजा, मग गाडी

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या वरच्या अंगाला साडेतीन एकर डोंगरउतार कसणाऱ्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय. स्ट्रॉबेरीचे क्रेट शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, अंतर दीड किलोमीटर, वाट ट्रॅक्टरनं पाडलेली, दगडगोट्यांची. त्यासाठी जुनी एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली जाड टायरची चारचाकी, घ्यायची आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ, दोन्ही चेनऐवजी शाफ्टच्या, इंजिन सारख्याच ताकदीचं. एकीला मागं सॉलिड एक्सल आहे, दुसरीला चारही चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन, आणि ती पाऊण लाखानं महाग आहे. शनिवार-रविवारी पर्यटकांना फेऱ्या मारून चार पैसे सुटले तर तेही हवेत. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: 'गाडी जास्त करून वडीलच चालवतील, वय 62, कंबरेचा त्रास आहे.'

मी साताऱ्यात 22 वर्षं गॅरेज चालवतोय. सुरुवात जीप आणि ट्रॅक्टरवर झाली. गेली 12 वर्षं महाबळेश्वर-पाचगणीकडच्या रिसॉर्टच्या आणि शेतांवरच्या एटीव्हीही माझ्याकडं येतात. त्या शेवटच्या ओळीकडं मी परत येणार आहे. पण आधी बाकीचं नीट समजून घेऊ, कारण या विषयात ऐकीव गोष्टी फार फिरतात आणि त्यावर लोक लाखांचे व्यवहार करतात.

बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर आणा. दोन चाकं, मध्ये एकच आडवा आस. सॉलिड एक्सल म्हणजे तेच, फक्त एक फरक: बैलगाडीत चाकं आसावर फिरतात, इथं आसच चाकांना घेऊन फिरतो. हा एक्सल एका स्विंगआर्मला धरलेला असतो आणि स्विंगआर्म मोटरसायकलसारखा चॅसीला पुढून बिजागरीवर अडकवलेला असतो. वर एक किंवा दोन शॉकअप. मागची दोन्ही चाकं वर जाणार ती एकत्र आणि खाली येणार तीही एकत्र.

इंडिपेंडंट बघायचं असेल तर स्टँडवरच्या कुठल्याही रिक्षाच्या मागं वाकून बघा. प्रत्येक चाकाला आपला वेगळा हात, वेगळी स्प्रिंग आणि मधल्या हौसिंगपासून चाकापर्यंत रबरी बूट चढवलेला छोटा शाफ्ट. एटीव्हीत ते हात बहुतेक इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचे असतात, चाकामागे वर एक आणि खाली एक. ते मधलं हौसिंग, म्हणजे चाकांना ओढ देणारा गिअरचा गोळा, चॅसीला बोल्टनं घट्ट बसवलेलं असतं, ते चाकाबरोबर हलत नाही. पुढची बाजू आता जवळजवळ सगळ्याच एटीव्हींना इंडिपेंडंट येते, त्यामुळं प्रश्न फक्त मागच्या चाकांचा आहे.

इथंच पहिला गैरसमज. दर महिन्याला कुणीतरी म्हणतं, 'इंडिपेंडंट आहे, म्हणजे वळताना दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरणार ना?' नाही. स्वतंत्र आहेत ती वर-खाली व्हायला. फिरण्यात नव्हे. वेगवेगळ्या वेगानं फिरायला डिफरन्शियल लागतं आणि बऱ्याचशा एटीव्हींच्या मागच्या गोळ्यात, इंडिपेंडंट असली तरी, ते नसतंच. दोन्ही चाकं बांधल्यासारखी एकाच वेगानं फिरतात. मातीत ते बरं, कारण एक चाक चिखलात घसरलं तरी दुसरं ओढतं. डांबरावर वाईट, कारण वळताना आतलं चाक घासत जातं आणि गाडी सरळच जायला बघते. म्हणून एटीव्ही डांबरावर जोरात वळवू नये, मागचं सस्पेन्शन कुठलंही असो.

दुसरा गैरसमज असा की सॉलिड एक्सल म्हणजे जुनं आणि इंडिपेंडंट म्हणजे नवं. पोलारिसनं 1996 मध्ये स्पोर्ट्समन 500 ला मागं इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं आणि पुढं बाकीच्या कंपन्याही त्या वाटेनं आल्या हे खरं. पण होंडा आजही परदेशात फोरमन 520 सॉलिड एक्सलवर विकते आणि रुबिकॉन 520 इंडिपेंडंटवर. 520 चं इंजिन दोन्हींत, मागची बाजू निराळी. यामाहाची वायएफझेड 450 आर ही तर शर्यतीची गाडी, तिलाही मागं सॉलिडच एक्सल आहे. कामं वेगळी आहेत म्हणून दोन्ही टिकलेत.

आता दगडाचं गणित करू. मागच्या दोन चाकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 90 सेंटीमीटर अंतर धरा आणि डावं चाक 15 सेंटीमीटरच्या दगडावर चढलं असं धरा. सॉलिड एक्सल अख्खाच तिरका होतो, साधारण साडेनऊ अंश, आणि त्याच्याबरोबर गाडीची मागची बाजूही तेवढीच तिरकी होते, कारण स्विंगआर्मला वर-खाली होता येतं, डावी-उजवीकडं डोलता येत नाही. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मध्ये एका पिनवर डोलतो हे तुम्ही रोज बघता. एका चाकाखाली ढेकूळ आलं तरी बॉनेट सरळ राहतं. एटीव्हीच्या सॉलिड एक्सलला ती पिन नाही. जो काही झटका मऊ होईल तो टायर दबून होईल, बाकी सगळा सीटवर. इंडिपेंडंटमध्ये ते डावं चाक आपल्या हाताबरोबर वर जातं, स्प्रिंग दबते आणि सीट थोडीशीच कलते.

त्यात आणखी एक गोष्ट असते, स्प्रिंगच्या खालचं वजन. सॉलिडमध्ये एक्सल, त्याची बेअरिंग हौसिंग, ब्रेकची डिस्क, दोन्ही चाकं आणि शाफ्टवाली असेल तर गिअरचा गोळाही, हे सगळं लोढणं प्रत्येक खड्ड्यात वर-खाली आदळतं. शॉकअपला ते आवरायचं असतं. इंडिपेंडंटमध्ये गोळा वर चॅसीवर असतो, खाली राहतो तो हब, चाक आणि हातांचं अर्धंमुर्धं वजन. त्यामुळं चाक जमिनीला चिकटून राहतं. दगडगोट्यांच्या वाटेवर दीड किलोमीटर जाऊन आल्यावर कंबरेला जो फरक कळतो तो याचा आहे.

मग जमिनीपासूनची उंची. जाहिरातीत इंडिपेंडंटवाल्या गाडीला नऊ ते बारा इंच लिहिलेलं असतं, सॉलिडला सहा-सात. आकडे खोटे नसतात, पण ते रिकाम्या गाडीचे असतात. सॉलिड एक्सलचा गोळा चाकाच्या मध्याला बांधलेला आहे. त्याची उंची टायरवर ठरते, तुम्ही वर 20 किलो ठेवा की 80, तो तिथंच राहतो. टायर दबेल तेवढाच काय तो खाली येईल. इंडिपेंडंटचं पोट स्प्रिंगवर टांगलेलं असतं. वजन ठेवलं की ते खाली बसतं.

मी माझ्याकडच्या एका गाडीवर हे टेपनं मोजून ठेवलंय. इंडिपेंडंट, रिकामी, मागच्या पोटाखाली 28 सेंटीमीटर. 75 किलोचा माणूस बसला, मागच्या रॅकवर 60 किलोचे क्रेट ठेवले, 21 सेंटीमीटर. शेजारीच उभ्या असलेल्या सॉलिडवालीच्या गोळ्याखाली रिकामी असताना 17 आणि भरल्यावर 16. म्हणजे कागदावर 11 सेंटीमीटरचा फरक, कामावर फक्त 5. इंडिपेंडंट पुढंच राहिली, पण पाऊण लाख देताना तुम्ही हा 5 चा आकडा धरून द्या.

या 5 सेंटीमीटरची किंमत तुमच्या वाटेवर किती, हे मात्र चाकोरी सांगेल. ट्रॅक्टरच्या वाटेला दोन बाजूंना चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो, पावसाळ्यानंतर तर जास्तच. ट्रॅक्टर उंच, तो वरून निघून जातो. एटीव्हीचं चाकांमधलं अंतर ट्रॅक्टरपेक्षा कमी, त्यामुळं एक चाक चाकोरीत आणि एक उंचवट्यावर असं होतं, नाहीतर गोळा उंचवट्यावर नांगरासारखा ओढत जातो. गोळ्याखालचा पत्रा घासून पाण्याच्या डब्यासारखा पातळ झालेला मी पाहिलाय. तेव्हा आधी वाटेवर जा. उंचवट्यावर एक सरळ काठी आडवी धरा आणि चाकोरीच्या तळापासून काठीपर्यंत मोजा, दहा-बारा ठिकाणी. बहुतेक जागी 15 सेंटीमीटरच्या खाली असेल तर सॉलिड चालेल. 20 च्या पुढं जात असेल तर सॉलिड रोज घासणार. मग एकतर इंडिपेंडंट घ्या किंवा जेसीबी बोलावून एकदा वाट सारखी करून घ्या. पाऊण लाखात दीड किलोमीटर वाट चांगली होईल का, हाही हिशेब करून बघा. वाट चांगली झाली तर तिचा फायदा ट्रॅक्टरलाही मिळेल.

आता तुमच्या मालाबद्दल. स्ट्रॉबेरीला धक्का चालत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही इंडिपेंडंटकडं ओढले गेलात त्यात फळ दबू नये हाही विचार असणार. पण क्रेट कुठं ठेवणार? मागच्या रॅकवर पाच-सहा क्रेट, तेवढ्यापुरता फायदा खरा आहे. दिवसाला चाळीस क्रेट असतील तर तुम्ही मागं ट्रॉली लावणार. आणि आपल्याकडं वर्कशॉपमध्ये बनवून मिळणाऱ्या छोट्या ट्रॉलीला स्प्रिंग नसते, सरळ पाइपचा आस आणि जुन्या स्कूटरची नाहीतर रिक्षाची चाकं. पुढची गाडी कितीही मऊ असली तरी ट्रॉलीतल्या फळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. फळ वाचवायचं असेल तर पैसा ट्रॉलीत घाला. रुंद, कमी हवेची टायर लावा, शक्य असेल तर हलके पाटे बसवून घ्या, तळाला जुनी रबरी मॅट आणि क्रेट एकमेकांना दोरीनं नाही तर रबरी पट्ट्यानं आवळा. मागच्या वर्षी एका बागाईतदारानं गाडी बदलायची म्हणून माझ्याकडं आणली होती. मी ट्रॉलीची टायर बदलायला लावली, गाडी तशीच आहे.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर हुकाकडं बघा. बऱ्याचशा सॉलिड एक्सलच्या कामाच्या गाड्यांना ट्रॉलीचा हुक थेट एक्सलच्या हौसिंगवर किंवा स्विंगआर्मवर असतो. ट्रॉलीच्या दांडीचं वजन तिथून सरळ चाकांवर जातं, स्प्रिंगला त्याची गाठच पडत नाही. गाडी मागून बसत नाही, पुढचं स्टिअरिंग हलकं होत नाही. इंडिपेंडंटमध्ये हुक चॅसीवर असतो, दांडी जड झाली की मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. नुसतं ओढायचं, भरपूर ओढायचं, रोज ओढायचं असेल तर सॉलिडला तोड नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. इंडिपेंडंटवर ओढायचंच असेल तर ट्रॉलीतला माल असा रचा की बहुतेक वजन तिच्या आसावर येईल, थोडं दांडीवर. सगळंच मागं सारू नका, नाहीतर दांडी वर उचलली जाऊन उतारावर ट्रॉली गाडीला ढकलून आडवी करेल. शॉकअपखालची खाचांची रिंगही पान्यानं फिरवून स्प्रिंग कडक करता येते. पाच मिनिटांचं काम आहे, पण गाडी घेतल्यापासून ती रिंग एकदाही न फिरवलेले मालकच जास्त भेटतात.

या सगळ्यात मला खरी काळजी वाटते ती आडव्या उताराची. तुमचं रान उतारावरचं, ताली घातलेलं, त्यामुळं वाट कुठंतरी उताराला आडवी जाणारच. अशा वेळी सॉलिड बरी असं सांगतात, आणि त्यात अर्धं खरं आहे. इंडिपेंडंट गाडी उताराकडं कलते, कारण खालच्या बाजूची स्प्रिंग दबते आणि वरची फुलते. आधीच 15 अंशाचा उतार, त्यात गाडीनं आपले आणखी दोन-चार अंश घातले की बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सॉलिडची मागची बाजू डोलतच नाही, त्यामुळं ती उतारावर ताठ वाटते. चांगल्या इंडिपेंडंट गाड्यांना हे डोलणं कमी करायला मागं एक आडवा बार असतो, तो डाव्या-उजव्या हातांना जोडलेला असतो. जुन्या गाडीत तो बार आहे का आणि त्याच्या लिंका जागेवर आहेत का ते बघा. लिंक तुटली की लोक ती काढून टाकतात आणि गाडी तशीच विकतात.

राहिलेलं अर्धं कुणी सांगत नाही. सॉलिड ताठ वाटते ती गवताच्या सपाट उतारावर. आपल्याकडचा उतार तसा कुठं असतो? त्याच 15 अंशांच्या उतारावर वरच्या अंगाचं चाक त्या 15 सेंटीमीटरच्या दगडावर चढलं की गाडीची मागची बाजू आणखी साडेनऊ अंशांनी कलते, म्हणजे जवळजवळ 25, आणि तेही एका झटक्यात. माणसाला अंग वरच्या बाजूला टाकायला वेळच मिळत नाही. उलटलेल्या गाड्या माझ्याकडं आल्यात त्यातल्या बहुतेकांची कथा हीच आहे, एक दगड आणि आडवी वाट. इंडिपेंडंट आधीपासून थोडी कललेली असते पण दगड गिळते. सॉलिड ताठ असते आणि दगडावर उडते. दगडाच्या उतारावर मी इंडिपेंडंटच्या बाजूनं आहे. आणि दोन्हींपेक्षा, आडवं जाण्याऐवजी सरळ वर चढून सरळ खाली उतरायची वाट पाडण्याच्या बाजूनं आहे.

याच मुद्द्यावर फवारणीची टाकी येते. 100 लिटरची टाकी मागच्या रॅकवर बांधायचा मोह होतो. 100 लिटर म्हणजे टाकी सोडून 100 किलो, आणि बऱ्याच गाड्यांच्या मागच्या रॅकची मर्यादा याच्या खालीच असते. गाडीवर चिकटवलेली पट्टी वाचा. शिवाय अर्धी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण पाणी उताराकडं धावतं. टाकी ट्रॉलीत ठेवा, खाली, मध्ये. वडील चालवणार असतील तर याला दुसरा पर्याय ठेवू नका.

आता देखभाल. फोर बाय फोर सॉलिड गाडीला पुढचे दोन शाफ्ट असतातच, त्यांना चार रबरी बूट. इंडिपेंडंटला मागचे आणखी चार, म्हणजे एकूण आठ. त्याशिवाय मागच्या हातांच्या सांध्यातले बुश. आठ बूट म्हणजे फाटायला आठ जागा. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली, तक्रार 'वळताना मागनं टकटक वाजतंय'. मागच्या डाव्या बूटाला नख जाईल एवढीच चीर होती. क्लिप कापून बूट मागं सारला तर आतल्या काळ्या ग्रीसचं जांभ्याच्या मातीत कालवून लाल उटणं झालेलं. दोन बोटांत घेऊन चोळलं तर करकर लागत होती. पुसून बघितलं तर सहाही गोळ्यांवर देवीचे व्रण असावेत तशा खळग्या. चीर पडल्या दिवशी बूट बदलला असता तर काम शेकड्यात निभावलं असतं, पूर्ण शाफ्ट बदलायला हजारोंचा चुराडा झाला आणि शाफ्ट यायला पाच आठवडे लागले, ऐन हंगामात. बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या पार्टचं हे असंच असतं. मापानं जुळला तर छोट्या कारचा बूट बसवून वेळ मारून नेता येते, पण माप घेऊनच, डोळ्यांच्या अंदाजानं नाही.

सॉलिडला हे दुखणं नाही, पण ती अमर नाही. स्विंगआर्मच्या बिजागरीतलं ग्रीस वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, आत पाणी जाऊन बेअरिंग गंजतं. एक्सल दगडावर आदळून वाकतो. ब्रेकची डिस्क खाली लटकते, दगड लागून तिला लहर पडते. तरी हे सगळं आपल्याकडच्या लेथवाल्याच्या आणि वेल्डरच्या हातातलं काम आहे, आणि बेअरिंगं साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून कराडपर्यंत कुठंही नंबर सांगून मिळतात. गावात गाडी दोन दिवसांत परत उभी राहणं ही फार मोठी गोष्ट आहे.

सांगलीकडचे शेतकरी हाच प्रश्न विचारतात तेव्हा माझं उत्तर बहुतेक वेळा सॉलिडच असतं. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधली वाट सपाट, दगड नाही, ओढायचं भरपूर. वाळव्याच्या उसात तर इंडिपेंडंटच्या बूटांना उसाचे तिरपे कापलेले बुडखे भाल्यासारखे लागतात. ठिबकची नळी आणि पाचट गुंडाळलं जाण्याचं दुखणं दोघींनाही आहे, ते संध्याकाळी गाडी लावताना हातानं काढायचं, नाहीतर सील कापतं. काळ्या रानात पावसानंतर कुठलीच एटीव्ही घालू नका.

पर्यटकांच्या फेऱ्यांचं मी थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. वडिलांच्या कामाची गाडी पर्यटकांना देऊ नका. अनोळखी माणूस पहिल्या वळणावर गाडी जोरात वळवतो, मऊ इंडिपेंडंट बाहेरच्या बाजूला झुकते, तो घाबरून ब्रेक न दाबता हँडल आणखी ओढतो. त्या कामाला छोटी, कमी ताकदीची, सॉलिड एक्सलची गाडी, थ्रॉटलचा स्क्रू आवळून वेग बांधलेला, सपाट कुंपणातला ट्रॅक, डोक्यावर हेल्मेट आणि एका गाडीवर एकच माणूस. नंतर जमेल तेव्हा वेगळी घ्या. आणि कुणी कितीही पैसे देऊ केले तरी गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, चढवू नका. कास 2012 पासून जागतिक वारसास्थळांत आहे ते पश्चिम घाटाचा भाग म्हणून, पण आपल्या वरचे बिननावाचे सडेही तसेच आहेत. जांभ्यावर मातीचा थर बोटाच्या पेरांनी मोजावा एवढाच. एकदा चाक फिरलं की ती रेघ वर्षानुवर्षं राहते आणि त्या रेघेवर तेरडा उगवत नाही.

रस्त्याचंही ध्यानात असू द्या. एटीव्हीला आपल्याकडं सहसा रस्त्यासाठी नोंदणी मिळत नाही. पोलारिसनं 2019 मध्ये स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशी आणली होती, ती वेगळी. तुमच्या दोन्ही गाड्यांची कागदपत्रं बघा आणि नोंदणी नसेल तर डांबरी रस्त्याच्या कडेला माल उतरवून तिथनं पिकअपमध्ये भरा.

तर तुम्ही कुठली घ्यावी? वडिलांची ती ओळ नसती तर मी म्हटलं असतं, सॉलिड घ्या, पाऊण लाख वाट आणि ट्रॉलीवर घाला. दीड किलोमीटर, ट्रॉली, गावात दुरुस्ती, सगळं त्याच बाजूला जातंय. पण डिसेंबर ते मार्च रोज चार-पाच खेपा, जाऊन-येऊन रोजचे बारा-पंधरा किलोमीटर दगडावरून, 62 वर्षांचा दुखरी कंबर असलेला माणूस. त्यांना सॉलिडवर बसवू नका. माझ्या वडिलांनी अशीच कंबर घेऊन पंधरा वर्षं बिनस्प्रिंगच्या ट्रॅक्टरच्या सीटवर काढली आणि शेवटची सहा वर्षं त्यांना चपला घालायला दुसरं माणूस लागलं. तुम्ही इंडिपेंडंट घ्या. बूटाचा खर्च वर्षाकाठी करा, पार्ट उशिरा येतील हे धरून एक जादा मागचा शाफ्ट पहिल्याच वर्षी आणून घरात ठेवा, आणि दर धुण्याच्या वेळी आठही बूटांच्या घड्या बोटानं उघडून बघा.

कुठलीही घेतली तरी हवा आधी बघा. या टायरमध्ये साधारण 4 ते 7 पीएसआय हवा लागते, नेमका आकडा टायरवर आणि गाडीच्या पट्टीवर असतो. पंक्चरवाल्याचा गेज एवढ्या खाली नीट दाखवतच नाही, तो सवयीनं 25 भरून देतो आणि मग गाडी चेंडूसारखी उडते. इंडिपेंडंट घेऊनसुद्धा 'कंबर दुखतेच' म्हणून आलेल्या तीन गाड्यांना मी फक्त हवा कमी करून परत पाठवलंय. कमी दाबाचा गेज विकत घ्या. डाव्या-उजव्या टायरमध्ये सारखीच हवा ठेवा, नाहीतर एकत्र बांधलेल्या चाकांत एक लहान, एक मोठं असं होऊन गाडी एका अंगाला ओढते.

रविवारी बघायला जाल तेव्हा जॅक, टेप, खडू आणि टॉर्च बरोबर न्या. मागची बाजू उचला. चाक वरून आणि खालून धरून हलवा. इंडिपेंडंटला खडखड लागली तर बुश गेलेत, ते चालेल, किंमत कमी करून घ्या. चाक हातानं फिरवताना कडकड जाणवली तर शाफ्ट गेलाय, तो खर्च मोठा. उंची वाढवायची किट घातली आहे का ते विचारा. तिनं शाफ्ट जास्त तिरके राहतात आणि जॉइंट लवकर संपतात. मला तशी गाडी दिली तरी नको. सॉलिडही बघणारच असाल तर एक्सलजवळ खडू टेकवून धरा आणि चाक सावकाश फिरवा. खडूची रेघ एका बाजूला उमटली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्सल वाकलाय.

वडिलांना बरोबर न्या. मालकाच्या अंगणात नाही, दगडाच्या वाटेवर त्यांना अर्धा तास चालवू द्या, मागं दोन भरलेले क्रेट ठेवून. उतरल्यावर कसं वाटलं ते लगेच विचारू नका, नव्या गाडीवरून उतरलेला प्रत्येक जण छान वाटलं असंच सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंथरुणावरून उठतील तेव्हा विचारा, आणि इसार त्यानंतर द्या.